सोनेगावची मध्यरात्र

नकाशावर नागपूर आणि कलकत्ता या दोन बिंदूंमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती जवळजवळ भंडारा शहरावरून जाते. छत्तीसगडातून येणारी ही रेघ गोंदियाच्या दक्षिणेने नागझिऱ्याच्या जंगलावर येते, वैनगंगा ओलांडते आणि आणखी साठेक किलोमीटरवर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला टेकते. १९४९ पासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, मधले काही खंड सोडले तर, कलकत्त्याचं टपाल घेऊन येणारी विमानं याच दिशेने मध्यरात्री नागपूरला उतरत होती आणि नागपूरचं टपाल घेऊन पहाटेपूर्वी परत जात होती. या सेवेतल्या डाकोटा विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे भंडाऱ्यावरून गेलेलं विमान पंधरा मिनिटांत सोनेगावच्या धावपट्टीवर असायला हवं. ते तसं असेलच याची खात्री मात्र त्या काळात कुणालाही देता येत नव्हती. या पंधरा मिनिटांत विमानात आणि जमिनीवर काय चाललेलं असे, हे कळलं की त्या काळाची कल्पना येते.

या रात्रीच्या टपालाची योजना साधी होती. देशाची चार मोठी शहरं: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास. चारही ठिकाणांहून रात्री नऊ-दहाच्या सुमारास एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही विमानं नागपूरला एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल व्हायची. दिल्लीच्या विमानातून मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या थैल्या उतरायच्या, त्या तीन शहरांहून आलेल्या दिल्लीच्या थैल्या त्यात चढायच्या, आणि पहाटे विमानं आपापल्या शहरी परतायची. संध्याकाळी मद्रासमध्ये टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीच्या टपाल कचेरीत. रेल्वेने त्याच पत्राला दोन दिवस लागायचे. नागपूरची निवड भूगोलानेच केली होती. सरळ अंतर धरलं तर सोनेगावपासून मुंबई सुमारे सातशे किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता हजाराला थोडं कमी. चार दिशांची विमानं थोड्याफार फरकाने एकाच वेळी पोचतील असं दुसरं शहर भारताच्या नकाशावर नव्हतं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं आणि भंडारा हा त्याच प्रांताचा, आजच्या गोंदियासह पसरलेला मोठा जिल्हा.

सेवेची पहिली रात्र होती ३० जानेवारी १९४९, महात्मा गांधींचा पहिला स्मृतिदिन. कल्पनेमागे उभे होते तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई. त्यांनी त्याच वर्षी १ एप्रिलपासून आणखी एक मोठा निर्णय अमलात आणला: देशांतर्गत पत्र विमानाने लवकर पोचत असेल, तर ते जादा आकार न घेता विमानानेच पाठवायचं. आकाशातून जाणारं टपाल तोवर पैसेवाल्यांची चैन होती. तुमसरच्या भाताच्या व्यापाऱ्याला किंवा भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखानदाराला कलकत्त्याशी पत्रव्यवहार करायचा, तर रेल्वेच्या टपालाचाच आधार असे. आता साध्या तिकिटावर त्याचं पत्र विमानात चढणार होतं. स्वतंत्र भारताने सामान्य माणसाला दिलेल्या सुरुवातीच्या सोयींमध्ये मी या निर्णयाला फार वरचं स्थान देतो.

पण विमानांना रात्री उतरवायचं कसं, हा प्रश्न होता, आणि त्यावरून वाद पेटला. पहिली रात्रसेवा चालवायला पुढे आली इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स ही तरुण कंपनी. एअर इंडियाचे प्रमुख जे. आर. डी. टाटा या योजनेवर उघडपणे नाराज होते. रात्रीच्या उड्डाणांना जी साधनं लागतात ती देशात पुरेशी नाहीत, ती उभी राहण्याआधी नियमित रात्रसेवा सुरू करणं धोक्याचं आणि तोट्याचं, असा त्यांचा सूर होता. टाटांचा अनुभव वजनदार होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपालाचं पहिलं विमान त्यांनी स्वतः आणलं होतं. रेडिओ नाही, दिवे नाहीत, फक्त दिवसाचा उजेड आणि किनाऱ्याची रेषा. दिव्यांशिवाय कुठवर जाता येतं आणि कुठे थांबावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. किडवाई मात्र खासगी कंपन्यांच्या सोयीने देशाचं टपाल चालवायला तयार नव्हते.

अमेरिकेने हा प्रश्न उलट क्रमाने सोडवला होता. तिथेही १९२१ च्या फेब्रुवारीत टपालाचं विमान रात्री नेण्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा वाटेवर लोकांनी पेटवलेल्या शेकोट्यांवर वैमानिकाला भिस्त ठेवावी लागली होती. पण त्यानंतर सरकारने आधी शिकागो आणि शायेन यांच्या दरम्यान फिरत्या दिव्यांचे मनोरे रांगेने उभे केले, आणीबाणीत उतरायला जागा आखल्या, आणि मग १९२४ च्या जुलैपासून नियमित रात्रसेवा सुरू केली. आपल्याकडे सेवा आधी आली, दिव्यांची आणि रेडिओची पुरती व्यवस्था मागून येत राहिली. किडवाईंचं उद्दिष्ट बरोबर होतं आणि टाटांनी सांगितलेला क्रम बरोबर होता, असं माझं मत आहे. या दोहोंमधलं अंतर भरून काढलं ते विमानतळांवरच्या रात्रपाळीने.

तेव्हाच्या धावपट्टीवरचे दिवे आजच्या माणसाला ओळखूही येणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून जगभरच्या विमानतळांवर जो दिवा सर्रास वापरला जाई त्याला गूजनेक म्हणत. बागेत पाणी घालायच्या झारीसारखं पत्र्याचं भांडं, त्यात रॉकेल, आणि लांब तोटीतून बाहेर आलेली जाड वात. धावपट्टीच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतराने हे दिवे मांडायचे आणि एकेक करून पेटवायचे. वारा फिरला आणि उतरण्याची दिशा बदलली तर धावपट्टीचं सुरुवातीचं टोक दाखवणारे दिवे उचलून दुसऱ्या टोकाला न्यायचे. जोराचा पाऊस आला की वाती विझायच्या. वादळी वाऱ्यात ज्योत आडवी व्हायची, धूर व्हायचा, आणि वरून पाहणाऱ्याला रांगेतला मधलाच तुकडा गायब दिसायचा. विजेचे दिवे आले तरी वीज जाण्याची भीती होतीच. म्हणून विजेची धावपट्टी असलेल्या विमानतळांवरही हे रॉकेलचे दिवे भरून, वाती कापून तयार ठेवायची पद्धत दीर्घकाळ टिकली.

धावपट्टीचे दिवे वैमानिकाला दोन गोष्टी सांगतात. एक, पट्टी कुठे आहे. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, आपण तिच्या मानाने किती उंचीवर आहोत. दोन समांतर रांगा दूरवरून कशा मिटत जाताना दिसतात, त्या आकारावरून वैमानिकाचा डोळा उताराचा अंदाज बांधतो. रांगेतले दिवे कमी असले किंवा मंद असले तर तो आकारच चुकतो. त्यात भोवताली काळोख असेल तर फसगत आणखी वाढते. खाली जंगल किंवा पाणी असेल, एकही दिवा नसेल, आणि पुढे फक्त धावपट्टी उजळलेली असेल, तर वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि तो नकळत विमान जास्त खाली आणतो. पन्नासच्या दशकात पूर्वेकडून नागपूरला येणाऱ्याच्या खाली नागझिऱ्याचं रान, तलाव, भातखाचरं आणि वैनगंगेचं पात्र होतं. विजेचे दिवे मोठ्या गावांपुरते होते. समोरच्या काचेवर पावसाचा ओघळ असला की दिवा जिथे आहे तिथे न दिसता थोडा सरकून दिसतो. आषाढ-श्रावणात कलकत्त्याकडून येणाऱ्याला हा त्रास ठरलेला.

आता त्या पंधरा मिनिटांकडे. विमान सात हजार फुटांवर आहे असं धरू. डाकोटात हवेचा दाब नियंत्रित केलेला नसे, त्यामुळे मिनिटाला पाचशे फुटांपेक्षा वेगाने खाली आलं की उतारूंचे कान ठणकायचे. या हिशेबाने उतरणं भंडाऱ्याच्या आसपास सुरू व्हायला हवं. पण आपण भंडाऱ्यावर आहोत हे वैमानिकाला कसं कळणार? चांदणं असेल तर वैनगंगेचं पाणी चमकून दिसतं. चांदणं नसेल, ढग असतील, तर विमानातल्या रेडिओ कंपासची सुई. नागपूरला जमिनीवर असलेलं बीकन मध्यम लहरींवर सतत आपली मोर्समधली खूण पाठवत राही आणि सुई त्याच्या दिशेने वळे. सुई दिशा सांगे, अंतर सांगत नसे. बीकनच्या डोक्यावरून गेल्यावर ती उलटी फिरली की कळायचं, आपण पोचलो.

या सुईचे दोन शत्रू होते. पहिला, रात्र. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात आणि सरळ आलेल्या लहरींत मिसळतात. त्यामुळे लांब अंतरावर सुई डुलत राहते. दुसरा शत्रू पावसाळी गडगडाटी ढग. वीज चमकते तेव्हा तीही रेडिओ लहरी फेकते, आणि सुई बीकन सोडून ढगाकडे वळते. ज्या ढगापासून दूर राहायचं, त्याच ढगाकडे यंत्र बोट दाखवतं. म्हणून अनुभवी वैमानिक सुईबरोबर कानावरही विसंबून राहायचे: खूण स्वच्छ ऐकू येते आहे का, की नुसती खरखर आहे?

खरखर हा त्या काळाचा मोठा प्रश्न होता. डाकोटात दोन वैमानिकांबरोबर रेडिओ ऑफिसर असे. लांब पल्ल्याचं बोलणं लघुलहरींवर आणि बरंचसं मोर्समध्ये चालायचं, कारण विजांच्या कडकडाटात माणसाचा आवाज बुडतो, पण टिंब आणि रेघ ऐकून काढता येते. तीन तीन अक्षरांचे संकेत ठरलेले होते. क्यूडीएम म्हणजे तुझ्याकडे यायला मी कोणती दिशा धरू. क्यूएएम म्हणजे तिथलं हवामान काय. क्यूएनएच आणि क्यूएफई म्हणजे उंचीमापक कोणत्या दाबावर लावू. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. उंचीमापक हे खरं तर हवेचा दाब मोजणारं यंत्र आहे. जमिनीवरून सांगितलेल्या दाबात एका मिलिबारची चूक झाली तर उंचीत सुमारे तीस फुटांची चूक होते, आणि दहा मिलिबारची चूक झाली तर तीनशे फुटांची. मोर्स ऐकताना एक आकडा चुकणं काही मोठी गोष्ट नव्हे. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून थोडं उंच आहे. दाब कोणत्या पद्धतीने सांगितला, समुद्रसपाटीचा की धावपट्टीचा, यात गोंधळ झाला तर चूक थेट हजार फुटांची. म्हणून आकडा ऐकला की तो परत म्हणून दाखवायचा, हा नियम विमानतळावर देवाच्या पूजेइतक्या निष्ठेने पाळला जाई.

विमानतळाजवळ आल्यावर व्हीएचएफ रेडिओवर तोंडी बोलणं होई. तोही संच बिघडला तर मनोऱ्यातल्या माणसाच्या हातात एक दिवा असे, आल्डिस लॅम्प. त्याचा झोत नेमका विमानावर धरायचा. स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता तांबडा म्हणजे हा विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नकोस. विमानाने पंखांवरचे दिवे उघडमीट करून उत्तर द्यायचं. विजेचा पुरवठा, रेडिओ, यंत्र सगळं फसलं तरी दोन माणसांमध्ये एवढा संवाद उरला पाहिजे, या विचाराने केलेली ही सोय आजही जगभरच्या नियमपुस्तकात आहे.

नागपूरची अडचण इतर विमानतळांपेक्षा वेगळी होती. इथे रात्री एकाच तासात चार दिशांनी चार विमानं यायची, आणि ती लवकरात लवकर उतरणं हाच योजनेचा प्राण होता. मनोऱ्यातल्या माणसाच्या पुढे रडारचा पडदा नव्हता. कोणतं विमान कुठे आहे ते त्याला दिसत नसे. वैमानिक जे सांगेल त्यावरून त्याने कागदावर आणि मनात चित्र उभं करायचं. दोन विमानं एकदम आली तर एकाला बीकनवर घिरट्या घालायला सांगायचं, दुसऱ्याला त्याच्या हजार फूट वर, तिसऱ्याला आणखी हजार फूट वर. खालचं उतरलं की वरचं एक पायरी खाली. एकाने उंची चुकीची ऐकली, किंवा एकाचा निरोप खरखरीत हरवला, तर काळ्या ढगात दोन विमानं एकाच पायरीवर यायची. दिल्लीचं विमान किती वाजता निघालं हे नागपूरला आधी कळायला हवं. तो निरोप मोर्सने यायचा आणि कधी कधी विमानानंतर पोचण्याचा धोका असायचा. जानेवारीत दिल्लीला धुकं पडलं की एकटं दिल्लीचं टपाल अडत नसे. तीन विमानं सोनेगावला ताटकळायची आणि दुसऱ्या दिवशी चारही शहरांतला पोस्टमन उशिरा निघायचा. चार टोकांना एका गाठीत बांधणाऱ्या व्यवस्थेची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही त्या गाठीतच होतं.

आणि सोनेगावला उतरता आलं नाही तर? हा प्रश्न वैमानिकाने निघण्यापूर्वीच सोडवायचा असतो. भंडारा जिल्ह्यातच, गोंदियाजवळ बिरसी इथे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधून ठेवली होती. कलकत्त्याच्या वाटेपासून ती फार दूर नाही. पण रात्री धावपट्टी म्हणजे नुसतं डांबर आणि खडी नव्हे. दिवे, बीकन आणि रेडिओवर जागा माणूस नसेल तर ती वरून शेतासारखीच काळी दिसते. रात्री उघडे आणि उजळलेले विमानतळ देशात मोजके होते, त्यामुळे टाकीत परत जाण्याइतकं पेट्रोल ठेवणं हाच अनेकदा पर्याय उरे, आणि जास्त पेट्रोल म्हणजे कमी थैल्या, कमी उतारू.

कंपन्यांना हे झेपलं नाही. इंडियन ओव्हरसीज काही काळातच कोलमडली, सेवा थांबली, आणि मग हिमालयन एव्हिएशन या कंपनीने ती पुन्हा उभी केली. युद्धानंतर अमेरिकनांनी मागे ठेवलेली डाकोटा विमानं स्वस्तात मिळत होती, त्यामुळे हवाई कंपन्यांचं पेव फुटलं होतं. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या व्यवसायाची तपासणी केली आणि कंपन्या कामाच्या मानाने फार झाल्या आहेत हे स्पष्ट सांगितलं. दिवसाढवळ्याही धंदा तोट्यात असलेल्या कंपन्यांनी रात्रीच्या जोखमीसाठी साधनं कुठून आणायची? उतरतानाची जोखीम तर खरीच होती: २१ नोव्हेंबर १९५१ रोजी डेक्कन एअरवेजचं डाकोटा कलकत्त्याच्या डमडम विमानतळावर उतरताना, धूसर हवेत पडलं. विमानातल्या सतरापैकी सोळा जण गेले.

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन सुरू झाली. तिच्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती. रात्रीचं टपाल आता सरकारी महामंडळाचं काम झालं. आणि साडेचार महिन्यांत सोनेगावने आपली सर्वांत काळी रात्र पाहिली.

१२ डिसेंबर १९५३. अदलाबदल आटोपून मद्रासचं डाकोटा पहाटे साडेतीनच्या सुमारास निघालं. जमीन सोडल्यावर लगेच इंजिन निकामी झालं आणि विमान विमानतळाजवळच कोसळून पेटलं. विमानात चौदा माणसं होती: दहा उतारू, चार कर्मचारी. तेरा जण मरण पावले. वैमानिक तेवढा वाचला. मृतांमध्ये कामगार नेते आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. हा अपघात उतरतानाचा नव्हता, दिव्यांचा किंवा रेडिओचाही नव्हता. तरी रात्रीचा त्यात वाटा होता असं मला वाटतं. दिवसा एक इंजिन गेलं तर वैमानिकाला पुढे क्षितिज दिसतं, मोकळं शेत दिसतं, निवड करता येते. पहाटे साडेतीनला धावपट्टीचा शेवटचा दिवा मागे पडला की पुढे काहीच नसतं. पुढल्या काळात टपालासाठी चार इंजिनांची स्कायमास्टर विमानं आली. एक इंजिन गेलं तरी तीन उरतात, हा त्यातला दिलासा होता.

तरीही माणसं या विमानांनी जात राहिली, कारण भाडं दिवसाच्या विमानापेक्षा कमी होतं. झोपमोड सोसायची, मध्यरात्री नागपूरला उतरून चहा-नाश्ता करायचा, दुसऱ्या विमानात बसायचं. मंत्री, वकील, व्यापारी, वार्ताहर, सिनेमातली माणसं, लष्करी अधिकारी रोज रात्री तासभर सोनेगावच्या लहानशा इमारतीत एकत्र येत.

सोनेगावच्या धावपट्टीवरची एक रात्र विदर्भ कधीच विसरणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि हरले होते. जिल्ह्यातल्या गावागावांत त्यांना पाहिलेली, ऐकलेली माणसं होती. ११ ऑक्टोबर १९५६ ला ते विमानाने नागपूरला आले, आणि १४ तारखेला झालेल्या धम्मदीक्षेला भंडारा जिल्ह्यातून लोक पायी, बैलगाडीने, रेल्वेने गेले. दोन महिनेही झाले नव्हते, तोच ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. मुंबईला पार्थिव नेण्यासाठी दळणवळण मंत्री जगजीवनराम यांनी विमानाची व्यवस्था केली. ते विमान रात्री दिल्लीहून निघालं आणि वाटेत सोनेगावला उतरलं. बातमी पोचली होती. डिसेंबरच्या थंडीत हजारोंचा जनसमुदाय विमानतळावर उभा होता. दर्शन झाल्यावर विमान मुंबईकडे निघालं आणि ७ तारखेच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, सांताक्रुझला उतरलं. सात वर्षं, मधले खंड सोडले तर, रोज रात्री पत्रांसाठी उजळणारी ती धावपट्टी त्या रात्री तयार होती, म्हणून विदर्भाला आपल्या नेत्याचं शेवटचं दर्शन घेता आलं. रात्रसेवेच्या हिशेबात हे कुठे लिहिलेलं नसेल, पण मला तिचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

साठच्या दशकापर्यंत मुंबई, दिल्लीला विजेचे दिवे, नवी उपकरणं आली होती. तरी वैमानिकाची समजूत आणि विमानाची खरी जागा यांतलं अंतर किती घातक ठरू शकतं हे महाराष्ट्राने ७ जुलै १९६२ ला पाहिलं. अलितालियाचं डीसी-८ जेट सिडनीहून, बँकॉकमार्गे, मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरायला येत होतं. पाऊस, ढग. वैमानिकाची समजूत होती की आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत. त्या समजुतीवर त्याने सरळ उतरणं सुरू केलं आणि मुंबईशी बोलत बोलतच खाली येत राहिला. विमान प्रत्यक्षात सह्याद्रीवर होतं. जुन्नर तालुक्यातल्या दावंड्या डोंगरावर, मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरवर, साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर ते आदळलं. ९४ माणसं गेली. चौकशीत निघालेलं कारण दिशादर्शनाची चूक, त्यातून घाईने केलेली उतरण, आणि आपली जागा पडताळण्यासाठी उपलब्ध साधनं न वापरणं. रेडिओ चालू होता, दोन्ही बाजूंना आवाज नीट पोचत होता. पण वैमानिकाने आपल्या जागेविषयी जी समजूत केली होती ती चूक होती, आणि जमिनीवरच्या माणसाला ती तपासून घेता आली नाही. सोनेगावची रात्रपाळी ज्या पद्धतीवर चालली होती, म्हणजे वैमानिक सांगेल त्यावरून चित्र रंगवायचं, तिच्यातला धोका या एका अपघातात उघडा पडला.

नागपूरची रात्रसेवा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. जेट विमानं दिवसभरात दिल्ली-मुंबईच्या फेऱ्या करू लागली होती, इंधन महागलं होतं, आणि चार विमानं एका ठिकाणी गोळा करण्याचा खर्च महामंडळाला परवडेनासा झाला. बिरसीला आज वैमानिकांची प्रशिक्षण संस्था आहे, आणि मार्च २०२२ मध्ये तिथून पहिलं प्रवासी विमान सुटलं. आजच्या उजळलेल्या धावपट्टीच्या कडेला पांढरे, शेवटच्या टप्प्यात पिवळे, सुरुवातीला हिरवे आणि शेवटाला तांबडे विजेचे दिवे असतात. बाजूच्या चार दिव्यांपैकी दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसले की उताराचा कोन बरोबर आहे, हे शिकाऊ वैमानिक पहिल्या काही दिवसांत शिकतो. डाकोटाच्या वैमानिकाला हा कोन रॉकेलच्या दोन रांगांवरून ताडावा लागत असे.

सोनेगावला रात्रसेवा संपत आली त्याच सुमारास, १७ एप्रिल १९७३ च्या रात्री, अमेरिकेत मेम्फिसला फेडरल एक्सप्रेस नावाच्या नव्या कंपनीची चौदा छोटी जेट विमानं कामाला लागली. पंचवीस शहरांतून १८६ पाकिटं मेम्फिसला आली, तिथे त्यांची वाटणी झाली आणि सकाळी ती इच्छित गावी पोचली. सगळी विमानं मध्यरात्री एका मध्यवर्ती विमानतळावर आणायची, माल बदलायचा आणि उजाडण्यापूर्वी परत पाठवायची, हीच ती पद्धत. ही कल्पना आधी कुणी राबवली होती, हे सांगताना कंपनीचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी पुढे एका मुलाखतीत भारतीय टपाल खात्याचं नाव घेतलं.